दुरुस्तीच्या हक्कातून वगळलेली यंत्रं: सुरक्षेचं कारण कितपत खरं?

नेटवर्कची उपकरणं सांभाळणं हे माझं रोजचं काम. राउटर, स्विच, फायरवॉल, त्यांचे वीजपुरवठे, त्यांचे पंखे. गेल्या महिन्यात एका स्विचचा मागचा पंखा घरघरायला लागला. चाळीस मिलिमीटरचा, अगदी साधा. झाकण काढून पातं बोटाने फिरवलं तर अडखळत होतं, बेअरिंगमधलं वंगण पार सुकलेलं. त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा नवा पंखा माझ्याकडे होता. प्लगही बरोब्बर बसला. स्विच चालू केला, आणि पंखा हललाच नाही.

अर्धा तास मल्टीमीटर घेऊन बसल्यावर कळलं की प्लग तोच, पण तारांचा क्रम वेगळा. अशा पंख्याला तीन तारा असतात: एक ग्राउंडची, एक विजेची आणि एक वेग कळवणारी. त्यांचा एक रुळलेला क्रम असतो, तो इथे बदललेला होता. प्लगमधून तारा काढून हव्या त्या खाचेत घातल्या, पंखा फिरू लागला. पाचेक मिनिटांनी स्विच स्वतःच बंद. तिसऱ्या तारेवरून कळलेला वेग त्याला हव्या त्या मर्यादेत बसत नव्हता, म्हणून 'पंखा निकामी' अशी नोंद करून त्याने काम थांबवलं.

कंपनीला मी दोनच गोष्टी विचारल्या. तारांचा क्रम काय, आणि वेगाची मर्यादा किती? उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव ही माहिती देता येत नाही, या मॉडेलचे सुटे भाग बंद झालेत, नवीन स्विच घ्यावा.

एका पंख्याच्या तारांचा क्रम कळल्याने कोण कुठल्या नेटवर्कमध्ये कसा घुसेल, हे मला खूप विचार करूनही सापडलं नाही. तेव्हापासून अमेरिकेतल्या राज्यांचे दुरुस्तीच्या हक्काचे कायदे वाचतोय. त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. फोन आणि लॅपटॉपसाठी दार उघडतं, आणि माझ्या कामाची उपकरणं नेमकी बाहेर राहतात. न्यूयॉर्कचा कायदा २०२२ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नरांच्या सहीने झाला, पण सही होता होता कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना विकली जाणारी उपकरणं त्यातून निघाली. मिनेसोटाचा २०२३ चा कायदा त्याहून व्यापक. तरी त्यातही 'महत्त्वाच्या पायाभूत सुविधांमध्ये वापरण्याच्या हेतूने' बनवलेली माहिती तंत्रज्ञानाची उपकरणं वगळली आहेत.

वीजकेंद्र, पाणीपुरवठा, रुग्णालय यांचं रक्षण व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे यंत्र बंद पडून चालणारच नाही, तिथेच ते दुरुस्त करायचा हक्क नाही, हे मला उलटं वाटतं. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया लिहा. उपकरणाच्या आत नेमकं काय गुपित असतं आणि काय नसतं?

प्रतिसाद १

चांगला विषय. मला यातलं फारसं कळत नाही, म्हणून आधी एक प्राथमिक शंका. हे कायदे कंपनीला नक्की काय द्यायला लावतात? सगळा सोर्स कोड, सगळे आराखडे?

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

नाही, तसं कुठेच नाही. कंपनी आपल्या अधिकृत दुरुस्ती केंद्रांना जे देते, तेच मालकाला आणि स्वतंत्र कारागिराला वाजवी अटींवर द्यायचं. सुटे भाग, अवजारं, दुरुस्तीची पुस्तिका आणि बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर. व्यापारी गुपितं सहसा स्पष्टपणे बाजूला ठेवलेली असतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये किती वर्षं द्यायचं तेही ठरवलं: शंभर डॉलर किंवा त्याहून महाग वस्तूला ७ वर्षं, ५० ते शंभरच्या मधल्या वस्तूला ३ वर्षं.

प्रतिसाद ३

मी उपकरणांच्या सुरक्षेचंच काम करतो, कंपनीच्या बाजूने. त्यामुळे इथे थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

पंख्याच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तो नकार आळसातून आला असणार, सुरक्षेतून नाही. पण त्या एका उदाहरणावरून कायद्याने कंपन्यांना दिलेल्या सगळ्या सवलती निकालात काढू नका. राउटरच्या बोर्डावर डीबग पोर्ट असतो, कारखान्यात चाचणीसाठी ठेवलेला. तो उघडा मिळाला तर मेमरीत जे चाललंय ते वाचता येतं, बदलता येतं. बिघाड शोधायचं जे सॉफ्टवेअर आमच्या दुरुस्ती केंद्रात वापरतात, त्याने उपकरण सर्व्हिस मोडमध्ये जातं आणि नेहमीच्या काही तपासण्या त्या वेळेपुरत्या बंद होतात. हे सॉफ्टवेअर मागेल त्याला द्यायचं, तर ते चांगल्या कारागिराबरोबर दुसऱ्या कोणाच्याही हाती पडणार. फोनमध्ये त्याचं नुकसान एका माणसाला. दूरसंचार कंपनीच्या मुख्य राउटरमध्ये ते लाखोंना.

दुसरा प्रश्न बनावट मालाचा. स्विस घड्याळांसारखी नक्कल आता राउटरचीही होते. अमेरिकेत २०२४ मध्ये एकाला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. जुनी, हलक्या प्रतीची उपकरणं रंगरंगोटी करून सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या मोठ्या कंपनीच्या नावाने विकण्याचा त्याचा धंदा होता, आणि तो माल रुग्णालयांत, शाळांत, अगदी लष्करातही पोचला होता. नकली सॉफ्टवेअर, तपासणी चुकवायला बोर्डावर डाग दिलेले जादा भाग, असा सगळा प्रकार. असं उपकरण उघडून मी स्वतः पाहिलंय. मुख्य चिपशेजारी एक नखाएवढी चिप हाताने डाग देऊन बसवलेली, डाग देताना लावतात त्या फ्लक्सचा पिवळट थर तसाच राहिलेला. ते पाहिल्यावर 'कोणताही भाग कोणीही बसवू द्या' असं म्हणवत नाही.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधला बनावट मालाचा मुद्दा गंभीर आहे. पण हा माल इतका का खपतो? बंद झालेल्या मॉडेलचा अस्सल वीजपुरवठा किंवा मॉड्यूल सरळ मार्गाने मिळत नाही, म्हणून माणसं जिथे मिळेल तिथून घेतात. अस्सल भाग विकत मिळाला असता तर निम्मी गिऱ्हाइकं तरी बनावट मालाकडे वळली नसती.

सर्व्हिस मोडबद्दल. ते सॉफ्टवेअर हाती लागलं की कोणतंही उपकरण उघडतं, असं असेल तर ते उपकरण आजच असुरक्षित आहे. ते सॉफ्टवेअर शेकडो अधिकृत केंद्रांतल्या हजारो लॅपटॉपवर आधीच पोचलेलं असतं. तिथून कधी फुटलं नसेल असं मानणं म्हणजे नशिबावर हवाला. ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहिताना सांगितलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. सुरक्षेच्या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

आणि २०१६ चं मिराय आठवा, इंटरनेटला जोडलेली उपकरणं ताब्यात घेणारं ते घातक सॉफ्टवेअर. कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात गेले, ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर त्यांच्याकरवी हल्ला होऊन अर्ध्या जगाला ओळखीची संकेतस्थळं काही तास उघडेनात. त्यात कोणाची दुरुस्तीची पुस्तिका फुटली नव्हती. कारखान्यातून निघताना घातलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते, आणि काही उपकरणांत ते बदलायची सोयच नव्हती. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड अशा साठेक जोड्यांची यादी पुरली.

प्रतिसाद ५

+१. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

प्रतिसाद ६

मी रुग्णालयात बायोमेडिकल विभागात तंत्रज्ञ आहे. नेटवर्कचं मला माहीत नाही, पण वगळलेल्या यंत्रांच्या यादीत वैद्यकीय उपकरणं जवळजवळ प्रत्येक राज्यात असतात, म्हणून लिहिते.

आमच्याकडे सलाइनमधून औषध मोजून देणारे इन्फ्यूजन पंप आहेत. पंप भिंतीच्या विजेवर चालतो, पण रुग्णाला एका विभागातून दुसरीकडे नेताना बॅटरीवर. बॅटरी म्हातारी झाली की स्ट्रेचर लिफ्टमध्ये असतानाच पंप ओरडायला लागतो. एका रात्री अशा तीन पंपांच्या बॅटऱ्या मी बदलल्या. नव्या, योग्य क्षमतेच्या, चार्ज केलेल्या. तिन्ही पंपांनी 'अनोळखी बॅटरी' म्हणून चालू व्हायला नकार दिला. बॅटरीतल्या चिपची पंपाशी ओळख करून द्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, ते कंपनीच्या माणसाकडेच. तो आला चौथ्या दिवशी. लॅपटॉप जोडला, एक बटण दाबलं, दहा सेकंदांत काम झालं. तोवर आम्ही दुसऱ्या विभागातले पंप फिरवून वापरत होतो आणि कुठला पंप कोणाकडे गेला हे वहीत लिहून ठेवत होतो. चुकीचा पंप चुकीच्या खाटेपाशी जाण्याची भीती मला त्या चार दिवसांत जितकी वाटली तितकी कधीच नाही.

सुरक्षा म्हणतात तेव्हा हीसुद्धा धरायला नको का?

बाहेरच्या तंत्रज्ञांमुळे रुग्णाला धोका होतो हा दावा नेहमी ऐकू येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये यावर अहवाल दिला. सार्वजनिक आरोग्याला व्यापक धोका आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, उलट स्वतंत्र सेवा देणाऱ्यांपैकी अनेकांचं काम दर्जेदार आणि सुरक्षित आहे, अशा अर्थाचा निष्कर्ष त्यात आहे. आणि २०२० मध्ये व्हेंटिलेटर अपुरे पडत होते, तेव्हा पुस्तिका मिळवण्यासाठी जगभरच्या तंत्रज्ञांनी केलेली धावपळ मी जवळून पाहिली आहे. शेवटी दुरुस्तीची माहिती फुकट देणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने त्या गोळा करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. एरवी ज्या 'देता येत नाहीत' त्याच पुस्तिका.

प्रतिसाद ७ (धागाकर्ता)

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या पंख्याची आणि तुमच्या बॅटरीची गोष्ट एकच आहे, फक्त तुमच्याकडे खाटेवर माणूस असतो.

प्रतिसाद ८

मी कायद्याचे मसुदे वाचायचं काम करतो. मिनेसोटाच्या त्या वाक्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी गोम तिथेच आहे.

'महत्त्वाच्या पायाभूत सुविधा' याची व्याख्या राज्याने स्वतः केलेली नाही. ती २००१ च्या हल्ल्यांनंतर केंद्रात झालेल्या कायद्यातून घेतली आहे. ज्या यंत्रणा किंवा मालमत्ता बंद पडल्या वा नष्ट झाल्या तर देशाची सुरक्षा, अर्थव्यवस्था, आरोग्य दुबळं होईल, अशा सगळ्या. दहशतवादाविरुद्ध नियोजन करताना एवढी मोठी व्याख्या ठीक होती. पण ती दुरुस्तीच्या कायद्यात आणून बसवली की काय होतं? बँक त्यात, दवाखाना त्यात, अन्नाची वाहतूक त्यात, पाणी त्यात. मग उरतं काय?

त्याला जोडून 'वापरण्याच्या हेतूने'. हेतू कोणाचा? विकणाऱ्याचा. एकच स्विच शाळेतही लागतो आणि वीजकेंद्रातही लागतो. माहितीपत्रकात एक ओळ घातली की तो कायद्याच्या बाहेर गेला असं कंपनीचा वकील म्हणू शकतो, आणि ते खोडून काढायला तुम्हाला कोर्टात जावं लागेल. पंखा बदलण्यासाठी कोर्टात कोण जाणार?

मोटारींच्या बाबतीत हा वाद आधी होऊन गेलाय, तो बघण्यासारखा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ मध्ये मतदारांनी दुरुस्तीच्या माहितीचा हक्क प्रचंड बहुमताने मान्य केला. पुढे गाड्या बिघाडाची माहिती बिनतारी थेट कंपनीला पाठवू लागल्या, म्हणून २०२० मध्ये पुन्हा मतदान झालं. तीनचतुर्थांश मतदारांनी हो म्हटलं. कंपन्या कोर्टात गेल्या. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राच्या रस्ते सुरक्षा संस्थेने वाहन कंपन्यांना पत्र लिहिलं की हा कायदा पाळू नका, दूर बसून कोणी गाडीच्या ब्रेकशी खेळेल. पण ऑगस्टमध्ये त्याच संस्थेने भूमिका बदलली. माहिती जवळच्या अंतरावरून, उदाहरणार्थ ब्लूटूथवरून दिली तर हरकत नाही असं सांगितलं. म्हणजे धोका खरा होता, पण तो एका विशिष्ट रस्त्याचा होता. तो रस्ता सोडून दुसरा धरता आला. संपूर्ण गाडी वगळायची गरज पडली नाही.

ओरेगॉनने २०२४ मध्ये भाग आणि यंत्र यांची सक्तीची जोडी लावायलाच (म्हणजे कंपनीने ओळख करून दिल्याशिवाय नवा भाग चालू नये, अशा व्यवस्थेला) मनाई केली, अशी मनाई करणारं ते पहिलं राज्य. पण ताईंचे पंप तिथेही सुटलेलेच, कारण वैद्यकीय उपकरणं त्या कायद्यातही वगळलेली आहेत.

प्रतिसाद ९

पोलंडच्या रेल्वेगाड्यांचं अजून कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लोअर सायलेशिया प्रांतातल्या गाड्या २०२२ मध्ये देखभालीसाठी एका स्वतंत्र कार्यशाळेकडे गेल्या. काम पुस्तिकेप्रमाणे पूर्ण झालं, पण गाड्या सुरूच होईनात. कार्यशाळेने शेवटी ड्रॅगन सेक्टर या गटातल्या हॅकरांना बोलावलं. त्यांना गाडीच्या संगणकात असा कोड सापडला की गाडी ठरावीक भौगोलिक ठिकाणी ठरावीक काळ उभी राहिली तर अडकून पडावी. ती ठिकाणं म्हणजे प्रतिस्पर्धी कार्यशाळा. उत्पादक कंपनी नेवाग हे सारं नाकारते आणि प्रकरण कोर्टात गेलं. पण विचार करा, प्रवासी रेल्वे ही कोणत्याही व्याख्येने पायाभूत सुविधाच. तिथे आतला कोड बाहेरच्या कोणी वाचला म्हणून गाड्या परत रुळावर आल्या.

प्रतिसाद १० (प्रतिसाद ३ चा लेखक)

चार दिवस हे सगळं वाचत होतो. ताईंच्या बॅटरीवर माझ्याकडे उत्तर नाही. ती तपासणी रुग्णासाठी असती तर बॅटरीची क्षमता आणि तापमान मोजून पंपाने ती स्वीकारली असती किंवा नाकारली असती. त्याला कंपनीचा माणूस लागत नाही.

तरी काय राखलं पाहिजे हे माझ्या बाजूने नीट सांगतो, कारण धागाकर्त्याने तेच विचारलं होतं. आजच्या चांगल्या राउटरमध्ये कंपनीच्या सार्वजनिक किल्लीचा (सही तपासायच्या, उघड असलेल्या आकड्याचा) ठसा चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. चालू होताना चिप त्या ठशाच्या आधारे सॉफ्टवेअरची सही, म्हणजे ते कंपनीचंच असल्याची डिजिटल खूण, ताडून बघते. सही करायची खाजगी किल्ली कंपनीच्या तिजोरीत असते. ती कोणालाही देता कामा नये. स्वतःच्या दुरुस्ती केंद्रालाही नाही, आणि ती सहसा देतही नाहीत. म्हणजे दुरुस्तीला ती लागत नाही, हे आपोआप सिद्ध झालं. दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाचे पासवर्ड, प्रमाणपत्रं. ती मालकाची, दुरुस्तीआधी पुसायची सोय यंत्रातच हवी. तिसरं, चोरीविरोधी कुलूप, म्हणजे चोरलेलं यंत्र वापरता येऊ नये म्हणून सॉफ्टवेअरने घातलेलं. मालकाच्या संमतीशिवाय ते उघडायचं साधन देऊ नये. न्यूयॉर्कने कंपन्यांवर ते साधन द्यायची सक्ती ठेवली नाही, ते मला योग्य वाटतं.

यापलीकडे सर्किटचे आराखडे, तारांचे क्रम, व्होल्टेज, बिघाडाच्या संकेतांचे अर्थ, सुटे भाग, भाग ओळखवून द्यायचं साधन. यात गुप्त ठेवण्यासारखं काही मला तरी सांगता येणार नाही. सर्व्हिस मोडचं मी जे वर लिहिलं होतं, त्यावर प्रतिसाद ४ ने धरलं ते योग्यच धरलं. आमच्या घरातलं ते दुखणं आहे. तो मोड मालकाने परवानगी दिल्यावरच, त्या एका उपकरणापुरता आणि ठरावीक वेळेपुरता उघडावा असं करता येतं. काम वाढतं, खर्च वाढतो, म्हणून होत नाही. त्याचं ओझं कायद्याने गिऱ्हाइकावर टाकावं हे मी आता म्हणणार नाही.

बनावट भागांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. अस्सल भाग ओळखायचं साधन मालकाच्याही हाती हवं. दुरुस्तीनंतर यंत्राने 'हे भाग अस्सल, हा अनोळखी' अशी यादी दाखवावी आणि निर्णय मालकाने घ्यावा. नाकारून बंद पडू नये.

प्रतिसाद ११

प्रतिसाद १० साठी विशेष धन्यवाद. स्वतःच्या क्षेत्राबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

प्रतिसाद १२ (धागाकर्ता)

मला हवं होतं ते उत्तर मिळालं. सवलत यंत्राला नको, किल्लीला हवी. कायद्यात 'अमुक ठिकाणी वापरायची उपकरणं वगळली' असं लिहिण्याऐवजी 'सहीची किल्ली, मालकाचे पासवर्ड आणि चोरीविरोधी कुलूप उघडायचं साधन देण्याची सक्ती नाही' एवढंच लिहिलं, तर राखायचं ते राखलं जातं आणि पंखा, बॅटरी, वीजपुरवठा मोकळे होतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ च्या अहवालात कंपन्यांनी दिलेली कारणं तपासली, तेव्हा दुरुस्तीवरच्या बंधनांना आधार देणारा पुरावा फार तोकडा निघाला होता. प्रतिसाद १० ने सांगितल्यासारखं कोणी काय-काय लागतं ते मोजून दाखवलं असतं, तर हा वाद तेव्हाच पुढे सरकला असता.

एक गोष्ट राहिली, आणि मला ती सर्वांत जास्त खुपते. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने एक जाळं मोडून काढल्याचं जाहीर केलं. चीनशी संबंधित हल्लेखोर पायाभूत सुविधांवर हल्ला करताना आपला माग लपवायला शेकडो छोटे राउटर वापरत होते. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, आणि असुरक्षित का, तर कंपनीने त्यांचं आयुष्य संपल्याचं जाहीर केल्यावर त्यांना सुरक्षेचे अपडेट येत नव्हते. म्हणजे जे यंत्र कंपनीने सोडून दिलं, तेच शत्रूला सापडलं. पंखा बदलून माझा स्विच आणखी पाच वर्षं फिरेल, पण त्याचं सॉफ्टवेअर आजच थांबलंय. तेव्हा दुरुस्तीच्या हक्कात सुरक्षेच्या अपडेटची मुदत आलीच पाहिजे. युरोपात २०२५ च्या जूनपासून फोनसाठी ती आहे, विक्री थांबल्यावर किमान ५ वर्षं. राउटरला का नको? ज्यांना सुरक्षेची खरी काळजी आहे त्यांनी आधी हे मागावं.

प्रतिसाद ८ ला एक विनंती. वरचं किल्लीचं वाक्य नीट कायद्याच्या भाषेत लिहून द्याल का? राज्यांच्या सुनावण्यांमध्ये सर्वसामान्यांची लेखी निवेदनं घेतात. तिथे राहणारे जे कोणी हा धागा वाचत असतील त्यांना ते सादर करता येईल.

प्रतिसाद १३ (प्रतिसाद ८ चा लेखक)

लिहितो. रविवारपर्यंत इथेच टाकेन. प्रतिसाद १० ने तांत्रिक शब्द तपासून द्यावेत.

प्रतिसाद १४ (प्रतिसाद १० चा लेखक)

देतो.

प्रतिसाद १५

धागाकर्ते, त्या स्विचचं शेवटी काय झालं?

प्रतिसाद १६ (धागाकर्ता)

चालू आहे. जुना पंखा वेगळ्या बॅटरीवर हळूहळू वेग वाढवत फिरवला आणि तिसऱ्या तारेवर दर मिनिटाला किती फेरे दिसतात ते मोजलं. बेअरिंग खराब होतं, पण तेलाचा एक थेंब घातल्यावर मोजण्यापुरता फिरला. मग त्या वेगाशी जुळणारा पंखा शोधला, तारा क्रमाने लावल्या. तीन आठवडे झाले, एकदाही तक्रार नाही. तारांचा क्रम आणि वेगाचा आकडा कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. हे मॉडेल कोणाकडे असेल तर विचारा, त्या कागदाचा फोटो इथेच टाकतो.